जुन्या पीसीचं ग्राफिक्स कार्ड बदलताना: स्लॉटमध्ये बसलं म्हणजे जुळलं असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पीसी २०११च्या सुमाराचा, प्रोसेसर आय५-२४००, मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा, रॅम ८ जीबी, एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ४५० वॉट लिहिलंय, वर विंडोज १० आहे. त्यातलं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स ५५० टीआय, उडालं. दोन मॉनिटर आहेत, त्यातल्या एकाला फक्त व्हीजीए (जुना निळा कनेक्टर) आहे. काम म्हणजे यूट्यूब, फोटो, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग आणि थोडे जुने गेम. कुणीतरी आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड सुचवलंय. त्या कार्डावर पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जिथे बसतं त्या स्लॉटचा प्रकार) ४.० लिहिलंय आणि तुमचा बोर्ड २.० आहे, तर ते चालेल का?

स्लॉटमध्ये बसेल, बहुधा डिस्प्लेही येईल, तरी घेऊ नका. कारणं सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट तपासा. कार्ड खरंच गेलंय का?

जुनं कार्ड पूर्ण बाहेर काढा आणि मॉनिटर मदरबोर्डच्या व्हीजीएला लावा. आय५-२४०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि एच६१ बोर्ड ते बाहेर देतो. कार्ड नुसतं केबल काढून आत ठेवलं तर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंदच ठेवतात. मग लोकांना वाटतं बोर्डही गेला. कार्ड काढल्यावर डिस्प्ले आला तर रॅम, प्रोसेसर, बोर्ड ठीक आहेत. आता कार्ड परत लावा आणि बघा. अगदी बायोसच्या (पीसी चालू होताच विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रॅमच्या) पहिल्या स्क्रीनवरच रंगीत चौकोन किंवा उभ्या रेषा येत असतील तर कार्डाची मेमरी किंवा चिप गेली, विषय संपला. बायोस स्वच्छ दिसतो, विंडोजचं चिन्ह दिसतं आणि ड्रायव्हर लोड होताक्षणी काळोख होत असेल, तर मात्र दोष पंख्यात, वाळलेल्या थर्मल पेस्टमध्ये किंवा एसएमपीएसमध्येही असू शकतो. एसएमपीएस हा संशयित सोडू नका. त्याकडे पुन्हा येतो. (कार्ड ओव्हनमध्ये भाजून दुरुस्त करायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरून जा. चाललं तरी ते काही दिवसांपुरतंच चालतं, आणि त्या ओव्हनमध्ये नंतर कुणी खायचं करू नये.)

आता स्लॉट. लोक सगळ्यात जास्त काळजी याचीच करतात आणि खरं तर सगळ्यात कमी अडचण इथे असते. पीसीआय एक्सप्रेसच्या सगळ्या आवृत्त्या एकमेकांशी जुळतात. २.० च्या स्लॉटमध्ये ४.० चं कार्ड २.० च्या वेगाने चालतं, एवढंच. तुमच्या पीसीच्याही आधीचा, एजीपी स्लॉटवाला पीसी असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे व्होल्टेजच्या खाचा जुळवाव्या लागतात. तुम्हाला तो प्रश्न नाही.

आवृत्तीपेक्षा महत्त्वाच्या असतात लेन, म्हणजे डेटा नेणाऱ्या समांतर वाटा. २.० मध्ये एक लेन सेकंदाला ५०० एमबी नेते, ३.० मध्ये जवळपास १ जीबी, ४.० मध्ये जवळपास २ जीबी. तुमच्या स्लॉटमध्ये १६ लेन आहेत, म्हणजे ८ जीबी, आणि या वर्गातल्या कार्डाला ते पुरेसं आहे. पण आरएक्स ६५०० एक्सटी आणि त्याचा धाकटा भाऊ आरएक्स ६४०० ही दोन्ही कार्डं फक्त ४ लेन वापरतात. कार्डाची सोनेरी पट्टी पूर्ण लांबीची असते म्हणून बघून कळत नाही. चिपपर्यंत जोडणी चारचीच आहे. नव्या बोर्डावर ४ लेन गुणिले २ जीबी म्हणजे ८ जीबी होतात, चालून जातं. तुमच्या बोर्डावर ४ गुणिले ५०० एमबी, म्हणजे २ जीबी. स्लॉट १६ लेनचा असून बाराचा उपयोग शून्य.

हे कधी बोचतं? कार्डाची मेमरी भरली की. ६५०० एक्सटीच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये ४ जीबी आहे. गेमने किंवा एडिटिंग सॉफ्टवेअरने त्याहून जास्त मागितलं की उरलेला डेटा मुख्य रॅममधून त्या अरुंद वाटेने ये-जा करतो आणि चित्र अडखळायला लागतं. सरासरी वेग बरा दिसतो, पण झटके बसतात. शिवाय या दोन्ही कार्डांत व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे एक्स्पोर्टच्या वेळी तो दाबून फाइलमध्ये बसवणारा, भागच ठेवलेला नाही आणि एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकाराचं डिकोड, म्हणजे बघताना तो उलगडणं, तेही नाही. तुम्ही एडिटिंग करता, म्हणजे शेवटी एक्स्पोर्ट करताना सगळा भार चौदा-पंधरा वर्षं जुन्या प्रोसेसरवर. मुळात ही चिप लॅपटॉपसाठी आखलेली, आणि शेजारच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओचा भाग असेलच असं गृहीत धरलेली. नव्या पीसीत ठीक आहे. तुमच्या पीसीला ती शोभत नाही.

इंटेल आर्क ए३८० बद्दलही लोक विचारतात, कारण कागदावर ते छान दिसतं. एव्ही१ एन्कोडसुद्धा आहे. पण आर्क कार्डांना बोर्डात रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवा. तो नसेल तर वेग बराच पडतो, आणि २०११च्या बोर्डात तो अधिकृतपणे नसतो. सोडून द्या.

आता वीज. माझ्या टेबलावर 'नवीन कार्ड लावल्यापासून पीसी आपोआप बंद होतो' अशी तक्रार घेऊन जे पीसी येतात, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एसएमपीएसच्या लेबलवर छापलेलं असतं. कॅबिनेटचं झाकण काढा आणि लेबलवरचा '४५० वॉट' हा मोठा आकडा विसरा. खाली छोट्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळपास सगळं तिथूनच घेतात. समजा तिथे १८ अँपिअर आहेत. १२ गुणिले १८, २१६ वॉट. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगा मिळवून फुगवलेले असतात. तुमचा आय५-२४०० हा ९५ वॉटचा प्रोसेसर आणि जीटीएक्स ५५० टीआय ११६ वॉटचं कार्ड. बेरीज २११. हार्ड डिस्क आणि पंख्यांसाठी उरले पाच वॉट! दोन्ही एकदम पूर्ण भाराने क्वचितच चालतात म्हणून निभावलं असेल, पण अशा एसएमपीएसमधले कपॅसिटर इतक्या वर्षांनी नव्यासारखे राहत नाहीत. तक्त्यात १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने असतील तर त्यांची नुसती बेरीज करू नका, खाली दोन्ही मिळून कमाल किती ते लिहिलेलं असतं, ते धरा.

कार्ड वीज कुठून घेतं हेही माहीत हवं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट. ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५. ८ पिनमधून १५०. तुमच्या जुन्या कार्डाला ६ पिनची वायर लागत होती. ती थेट एसएमपीएसमधून येतेय की मधे कन्व्हर्टर आहे ते बघा. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून ६ पिन करणारे कन्व्हर्टर सर्रास मिळतात आणि ते मला अजिबात आवडत नाहीत. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. त्यावर ७५ वॉटचा कनेक्टर लावायचा म्हणजे प्लास्टिक वितळायची सोय. नाइलाजच असेल तर दोन मोलेक्स (जुने चार पिनांचे कनेक्टर) एकत्र करून ६ पिन देणारा त्यातल्या त्यात बरा.

म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली अट अशी: कार्ड ७५ वॉटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं. यात तडजोड वाटत असेल, पण नाही. तुमचं ५५० टीआय ११६ वॉट खाऊन जे करत होतं, त्याच्या कितीतरी पुढे आजची ७५ वॉटची कार्डं जातात. कार्ड बदलून पीसीचा एकूण भार कमी होईल.

यानंतरची अडचण बायोसची, आणि ही कुठल्याही खोक्यावर लिहिलेली नसते. पीसी सुरू होताना, विंडोजच्या आधी, स्क्रीनवर जे दिसतं ते दाखवायला कार्डाच्या स्वतःच्या छोट्या चिपमध्ये एक प्रोग्रॅम असतो. जुने बायोस त्याचा जुना प्रकार मागतात, ज्याला लेगसी म्हणतात. यूईएफआयवाले, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसचे, बोर्ड नवा प्रकार मागतात. साधारण जीटीएक्स १०५० टीआय, १६५० पर्यंतच्या बहुतेक कार्डांत दोन्ही असतात. त्यानंतरच्या बऱ्याच कार्डांत फक्त यूईएफआयचा असतो. असं कार्ड लेगसी बायोसच्या बोर्डावर लावलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. माणूस कार्ड खराब आहे म्हणून परत करतो, दुसरं आणतो, तेही तसंच. एका गृहस्थांनी असंच बदलून आणलेलं कार्ड माझ्याकडे आणलं होतं. तेच कार्ड दुसऱ्या पीसीत लावल्यावर मुकाट्याने चालू झालं. त्यांच्या बोर्डाच्या बायोसची सुधारित आवृत्ती टाकल्यावर त्यांच्याकडेही चाललं.

एच६१ हा नेमका सांध्यावरचा बोर्ड आहे. २०११चे काही जुन्या निळ्या पडद्याच्या बायोसचे, काही यूईएफआयचे, आणि काहींना नंतरच्या अपडेटमधून यूईएफआय मिळालं. सिस्टम इन्फर्मेशन उघडून 'बायोस मोड' बघितलात तर विंडोज सध्या कसं सुरू होतंय तेवढं कळतं. तिथे लेगसी दिसलं तरी बोर्डाला यूईएफआय येत असू शकतं. खात्री बोर्डाच्या मॅन्युअलमधून करा. आणि हो, बायोसमध्ये जाऊन लेगसीचं यूईएफआय केलंत तर सध्याचं विंडोज सुरू होणार नाही, कारण डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल. विंडोज १० च्या २०१७च्या १७०३ आवृत्तीपासून ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलायचं साधन विंडोजमध्येच आहे, पण आधी बॅकअप. हे सगळं टाळायचं असेल तर दोन्ही प्रकार असलेलं कार्ड घेणं सोपं.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट म्हणजे बोर्डाचा व्हीजीए. नव्या कार्डावर काळोख झाला तरी ते काढून, बोर्डावर मॉनिटर लावून, बायोसमध्ये जाऊन पहिला डिस्प्ले कोणता ते बदलता येतं.

मॉनिटरचं बघू. व्हीजीए देणारी कार्डं आता फक्त अगदी खालच्या पायरीला उरलीत. एनव्हिडियाच्या ९०० मालिकेपर्यंत डीव्हीआय-आय या मॉनिटरच्या कनेक्टरमधून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल मिळायचा, त्यामुळे साधा दोन टोकांचा कन्व्हर्टर चालायचा. १० मालिकेपासून तो बंद झाला. फक्त डिजिटल सिग्नल देणाऱ्या डीव्हीआय-डीला तो स्वस्त कन्व्हर्टर बसतच नाही, कारण त्याच्या चार पिनांसाठी भोकंच नसतात. काही जण पिना तोडून बसवतात. मग अर्थातच काही दिसत नाही, सिग्नलच नाही तर दिसणार काय! तुम्हाला हवा तो आत चिप असलेला अॅक्टिव्ह कन्व्हर्टर, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टपासून व्हीजीएपर्यंत. दिशा नीट बघून घ्या, कारण हे कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतात. दुसरा मार्ग म्हणजे व्हीजीए मॉनिटर बोर्डालाच लावायचा आणि बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं. चालतं, पण दोन वेगवेगळे ड्रायव्हर सांभाळायचे, त्यात दुसऱ्या पिढीच्या त्या ग्राफिक्ससाठी इंटेलने विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर कधी दिलाच नाही. मी कन्व्हर्टर घेईन.

ड्रायव्हरचा हिशोब जुन्या कार्डांच्या बाजारात फार महत्त्वाचा आहे. तुमच्या ५५० टीआयचा, म्हणजे फर्मी पिढीचा, ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबला. तसंच कार्ड पुन्हा शोधत बसण्यात अर्थ नाही तो यामुळे. त्यानंतरची केप्लर पिढी, म्हणजे जीटीएक्स ६००, ७०० मधली बहुतेक आणि जीटी ७१०, यांचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये आणि सुरक्षा अपडेट २०२४ मध्ये संपले. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे ९०० आणि १० मालिका, यांचे गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. एएमडीकडे एचडी ७००० पासून आर९ ३०० पर्यंतची कार्डं जून २०२१ मध्ये जुन्यांच्या यादीत गेली. ड्रायव्हर थांबला म्हणजे कार्ड बंद पडत नाही, पण उद्या एडिटिंग सॉफ्टवेअरने नवा ड्रायव्हर मागितला की हात टेकावे लागतात. विंडोज ३२ बिटचं असेल तर नवे ड्रायव्हर मिळणारच नाहीत, तेही बघून घ्या. लिनक्सवर असता तर मी एएमडीकडे झुकलो असतो. तिथे त्यांचा खुला ड्रायव्हर जुन्या कार्डांनाही बराच काळ सांभाळतो.

तुमच्याहूनही जुना, कोअर २ ड्युओ किंवा क्वाडचा पीसी असलेले कुणी हे वाचत असतील तर एक इशारा. एनव्हिडियाचे २०२४ पासूनचे विंडोज ड्रायव्हर प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट नावाची सूचना असावी असं धरतात, आणि ती त्या प्रोसेसरांत नाही. आय५-२४०० मध्ये आहे.

आकाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेपने मोजा, कार्डाखाली येणारे साटाचे पोर्ट दबत नाहीत ना ते बघा. बारीक कॅबिनेट असेल तर लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्ड आणि सोबत आखूड पट्टी आहे का ते विचारा. साधी पट्टी साधारण १२ सेंटिमीटर, आखूड ८.

मग घ्यायचं काय? तुमच्या कामाला मी जीटीएक्स १६५० घेईन, ४ जीबीचं, वायर न लागणारं मॉडेल. ७५ वॉट, १६च्या १६ लेन, एन्कोडर आहे, एचईव्हीसी आणि व्हीपी९ या व्हिडिओ प्रकारांचं डिकोड आहे, आणि ट्युरिंग पिढीचं असल्याने ड्रायव्हर पास्कलसोबत थांबले नाहीत. एव्ही१ डिकोड नाही. यूट्यूब अडखळलं तर ब्राउझरला एव्ही१ नको असं सांगणारं एक्स्टेन्शन टाका, की ते व्हीपी९ पाठवतं. दोन गोष्टी सांभाळा. त्याच नावाच्या काही ओव्हरक्लॉक केलेल्या मॉडेलांना ६ पिनची वायर लागते, आणि '१६५० सुपर' हे वेगळं, १०० वॉटचं कार्ड आहे.

ते नाही मिळालं तर १०५० टीआय. जुनं झालंय, पण अशा पीसीत ते कधी रुसलेलं मी पाहिलं नाही. बोर्डाला यूईएफआय असल्याची खात्री झाली आणि नवीनच हवं असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल बघा. ७० वॉट, वायर लागत नाही, एव्ही१ डिकोड आहे. त्याला ८ लेन आहेत, तुमच्याकडे ४ जीबी मिळतील, आणि ६ जीबी मेमरीमुळे ते टोचणार नाही. पण तुमचा प्रोसेसर त्याला पूर्ण पळवू शकणार नाही. पुढे पीसी बदलून कार्ड तिकडे न्यायचं असेल तरच. याच नावाचं ८ जीबीवालं मॉडेल १३० वॉटचं आहे, तेवढा गोंधळ करू नका.

गेम आणि एडिटिंग दोन्ही सोडून दिलं आणि फक्त दोन मॉनिटर, यूट्यूब एवढंच उरलं, तर जीटी १०३० पुरतं, ३० वॉटमध्ये. मात्र त्याचे दोन प्रकार आहेत आणि नाव एकच. २०१७चं जीडीडीआर५ मेमरीचं, आणि नंतर आलेलं डीडीआर४चं, ज्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश आहे. याला मी सरळ फसवणूक म्हणतो. एन्कोडर दोन्हीत नाही. जीटी ७१० फक्त डिस्प्ले येण्यापुरतं. त्यात व्हीपी९ही नाही, म्हणजे यूट्यूबचा भार परत प्रोसेसरवर.

जुनं कार्ड घेताना चालू अवस्थेत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फर्मी पिढीच्या कार्डांचं बायोस बदलून त्यांना १०५० टीआयचं नाव दिलेली कार्डं बाजारात आहेत. विंडोजमध्ये नावही तेच दिसतं. जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारा फुकट प्रोग्रॅम) उघडलं की अशी बरीच कार्डं नावाआधी 'फेक' असं दाखवतात. डोळ्यांनाही कळतं. खऱ्या १०५० टीआयच्या मागे व्हीजीएचा निळा कनेक्टर सहसा नसतो. पी१०६ नावाची कार्डंही टाळा, ती क्रिप्टो नाणी 'खोदायला' बनवलेली होती, त्यांना मॉनिटर लावायला जागाच नाही.

लावताना आधी जुना ड्रायव्हर काढा. बोर्डाच्या डिस्प्लेवर, सेफ मोडमध्ये, डीडीयू हा ड्रायव्हर पुसून काढणारा प्रोग्रॅम वापरून. मग पीसी बंद, मागचं बटण बंद, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग कार्डाला हात लावा. स्लॉटच्या टोकाची कडी 'टक्' वाजेपर्यंत कार्ड दाबा आणि पट्टीचा स्क्रू घट्ट करा. स्क्रूशिवाय सोडलेलं कार्ड मॉनिटरची केबल ओढली की तिरकं होतं, आणि मग डिस्प्ले जातो-येतो.

ड्रायव्हर टाकून झाल्यावर जीपीयू-झेडमध्ये बसची ओळ बघा. तिथे १.१ दिसलं तर घाबरू नका, काम नसताना कार्ड वेग उतरवून बसतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून छोटी टेस्ट चालवा. १६ लेन आणि २.० दिसायला हवं. लेन ८ किंवा ४च दिसत असतील तर कार्ड काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसा, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा आणि पुन्हा बसवा.